केशव: केसांचा, केशीचा की ‘पाण्यातल्या शवाचा’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाचं नाव ‘केशव’ ठेवायचं जवळजवळ ठरलंय. एका ठिकाणी अर्थ मिळाला ‘सुंदर केसांचा’, दुसरीकडे ‘केशी राक्षसाला मारणारा’, तिसरीकडे ‘ब्रह्मा, विष्णू, महेश ज्याच्या ठायी आहेत तो’. तेवढ्यात आत्याबाईंनी सांगितलं की संस्कृतात ‘के’ म्हणजे पाण्यात आणि ‘शव’ म्हणजे प्रेत, तेव्हा हे नाव नको. यातलं खरं काय? आणि पर्याय म्हणून सुचवलेल्या ‘हृषीकेश’मध्येही केसच आहेत का?

आधी आत्याबाईंचं बघू, कारण तुमची खरी अडचण तीच दिसते. बाकीचे तीन अर्थ नुसते गोंधळात टाकणारे आहेत, हा चौथा घरात वाद लावणारा आहे.

आत्याबाईंनी हे हवेतून आणलेलं नाही. संस्कृतात कूटश्लोक नावाचा एक खेळ आहे. वरवर एक अर्थ दिसतो, शब्द फोडले की भलताच निघतो. त्यातला एक फार प्रसिद्ध आहे:

केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः ।
रुदन्ति कौरवाः सर्वे हा हा केशव केशव ॥

पाठभेद आहेत, पण गंमत सगळ्यांत तीच. सरळ वाचलं तर: केशव पडलेला पाहून द्रोणांना आनंद झाला आणि सगळे कौरव ‘हाय हाय केशवा’ म्हणून रडू लागले. महाभारत ऐकलेला माणूस इथे चक्रावतो. कृष्ण पडल्यावर कौरव कशाला रडतील? मग फोड करायची. ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शवं’ म्हणजे प्रेत, ‘द्रोण’ म्हणजे डोमकावळा आणि ‘कौरव’ म्हणजे कर्कश ओरडणारे कोल्हे. प्रेत पाण्यात पडलं, कावळ्याला मेजवानी मिळाली आणि काठावरच्या कोल्ह्यांच्या तोंडचा घास गेला, म्हणून ते रडतायत.

म्हणजे ‘के शव’ हा कोडं रचणाऱ्याने मुद्दाम पाडलेला तुकडा आहे, नावाचा अर्थ नाही. याच श्लोकाच्या जोरावर ‘द्रोण’ म्हणजे कावळा आणि ‘कौरव’ म्हणजे कोल्हे असं महाभारतभर कोणी वाचत नाही. मग एकट्या केशवावरच अन्याय का? आणि एक साधी गोष्ट. संध्येत आचमन करताना विष्णूची २४ नावं घेतात, त्यांतलं पहिलंच ‘केशवाय नमः’ आहे. ज्या नावाने कर्माची सुरुवात होते ते अशुभ कसं असेल? आत्याबाईंना व्याकरणापेक्षा हा मुद्दा लवकर पटेल, असा माझा अंदाज.

आता उरलेले तीन. संस्कृत व्याकरण शिकवण्यात माझी २८ वर्षं गेली आणि दर वर्षी वर्गात कोणीतरी हाच प्रश्न वेगळ्या नावावरून विचारतं. ‘खरा अर्थ कोणता’ या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. शब्द घडला कसा, हा एक. त्या शब्दात पुढच्या लोकांनी काय काय पाहिलं, हा दुसरा. पहिल्याला व्युत्पत्ती म्हणू, दुसऱ्याला निर्वचन. तुम्हाला यातलं कोणतं हवंय त्यावर उत्तर बदलतं. बारशाच्या पत्रिकेवर ओळ छापायची असेल तर एक, कीर्तनात निरूपण करायचं असेल तर दुसरं, आणि भाषेच्या अभ्यासासाठी हवं असेल तर पहिलंच आणि तेवढंच.

व्युत्पत्तीबद्दल माझ्या मनात शंका नाही. शब्द ‘केश’ अधिक ‘व’ असा बनलाय. पाणिनीने यासाठी चक्क स्वतंत्र सूत्र दिलंय: ‘केशाद्वोऽन्यतरस्याम्’ (५.२.१०९). ‘ज्याच्याजवळ आहे’ किंवा ‘ज्याला आहे’ या अर्थी केश शब्दाला विकल्पाने ‘व’ प्रत्यय लागतो. विकल्पाने, म्हणजे ‘व’ लावला नाही तर दुसरे प्रत्यय लागतात. काशिकावृत्तीत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, चारही रूपं दिली आहेत: केशवः, केशी, केशिकः, केशवान्. चौघांचा अर्थ एकच, केस असलेला.

हा ‘व’ तुम्हाला अनोळखी वाटेल, पण त्याची भावंडं तुमच्या सोसायटीत खेळत असतील. ‘अर्णव’ म्हणजे समुद्र, अर्णस् म्हणजे पाणी, त्यातला स् गळून पुढे व. ‘राजीव’ म्हणजे कमळ, राजी म्हणजे ओळ किंवा रेघ, आणि व. अर्जुनाचं ‘गाण्डीव’ही तसंच, त्याच्यासाठी पाणिनीने लगेच पुढचं सूत्र खर्च केलंय. एखाद्या नावाची फोड बरोबर आहे का हे तपासताना मी आधी हेच बघतो: याच साच्यातून निघालेले आणखी शब्द भाषेत आहेत का? ‘केश+व’ला आहेत. त्रिमूर्तीवाल्या अर्थासाठी करतात त्या ‘क+ईश+व’ या फोडीला त्याच अर्थाने बनलेलं एकही भावंड मला आजवर भेटलेलं नाही.

दुसरी परीक्षा वयाची. शब्द सर्वांत जुन्या ठिकाणी कोणत्या अर्थाने येतो? इथे तुम्हाला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, भले आत्याबाईंच्या हाती कोलीत मिळो. अथर्ववेदात (८.६.२३) ‘केशवाः’ असा शब्द आहे आणि तो गर्भ खाणाऱ्या दुष्ट शक्तींना लावलाय. ‘त्यांना आम्ही इथून नाहीसं करतो’ असं मंत्र म्हणतो. केसाळ, जटा वाढलेली भुतं, असा तिथला भाव. शतपथ ब्राह्मणात राजसूयाच्या प्रसंगी ‘केशव पुरुष’ येतो, तोही देव नाही, नुसता लांब केसांचा माणूस. म्हणजे आरंभी हे कोणा देवाचं खास नाव नव्हतं, उंच, सावळा, केसाळ यांच्यासारखं साधं विशेषण होतं.

मग भुतांना लावलेलं विशेषण देवाला कसं चालतं? याचं उत्तर व्याकरणातच आहे आणि मला ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं. ‘केस तर सगळ्यांनाच असतात, मग केस असलेला असं वेगळं म्हणायचं कशाला?’ हा प्रश्न जुन्या वैयाकरणांनाही पडला होता. त्यांनी सांगून ठेवलंय की ‘असलेला’ या अर्थाचे प्रत्यय नुसतं ‘आहे’ एवढंच सांगत नाहीत. विपुलता, निंदा, प्रशंसा, कायमचा संबंध, अतिशयता अशा छटा सांगतात. ‘भूमनिन्दाप्रशंसासु नित्ययोगेऽतिशायने’ अशी कारिकाच आहे.

मराठीत बघा ना. तोंड सगळ्यांना असतं, पण ‘तोंडाळ’ म्हटलं की निंदा होते. डोळे सगळ्यांना असतात, पण ‘डोळस’ म्हटलं की कौतुक होतं. प्रत्यय दोन्हीकडे ‘असलेला’ एवढंच म्हणतो, बाकीचं वापर ठरवतो. अथर्ववेदातला ‘केशव’ तोंडाळाच्या रांगेतला, विष्णूचा ‘केशव’ डोळसाच्या रांगेतला. म्हणून विष्णुसहस्रनामावर शंकराचार्यांच्या नावे असलेल्या भाष्यात पहिला अर्थ नुसता ‘केस असलेला’ असा येत नाही, ‘अभिरूपाः केशाः’, म्हणजे देखणे केस असलेला, असा येतो. तुम्हाला मिळालेल्या ‘सुंदर केसांचा’ या अर्थातला ‘सुंदर’ हा शब्द कोणी पदरचा घातलेला नाही. तो त्या प्रत्ययाच्या पोटातच आहे.

देवाचं नाव म्हणून केशव कधीपासून? नेमकं साल सांगता येत नाही. पण पाणिनीच्या सूत्रांवरच्या पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे साधारणपणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, ‘धनपती, राम आणि केशव यांच्या प्रासादात’ मृदंग-शंख वाजत असल्याचं उदाहरण येतं. तिथे धनपती म्हणजे कुबेर आणि राम म्हणजे बलराम. तोवर केशवाची मंदिरं व्याकरणाच्या वर्गात उदाहरण म्हणून घेण्याइतकी सवयीची झाली होती, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

आता केशी राक्षस. कंसाने पाठवलेला, घोड्याचं रूप घेतलेला. कृष्णाने त्याच्या तोंडात हात घातला, तो हात फुगत गेला आणि केशी गुदमरून मेला. विष्णुपुराणात (५.१६) नारद येऊन कृष्णाला म्हणतात, ‘ज्या अर्थी हा दुष्ट केशी तुझ्याकडून मारला गेला, त्या अर्थी तू जगात केशव नावाने ओळखला जाशील.’ पुराण स्वतः सांगतंय म्हटल्यावर प्रश्न मिटला, असं पुष्कळांना वाटतं.

व्याकरण मात्र इथे अडतं. केशीला मारणारा असं म्हणायचं असेल तर संस्कृतात सरळ शब्द आहेत. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात अर्जुन ‘केशिनिषूदन’ म्हणतो, तो असा. ‘केशिन्’ आणि ‘वध’ यांतून ‘केशव’ काढायचा तर ‘इन्’ही गाळावा लागतो आणि ‘ध’ही. असं करायची सोय पाणिनीने ठेवलीय, नाही असं नाही. ‘पृषोदरादीनि यथोपदिष्टम्’ (६.३.१०९), म्हणजे जे शब्द नियमात बसत नाहीत पण शिष्ट लोक वापरतात ते तसेच मान्य करा. भाष्यकार याच सूत्राचा आधार घेतात. पण हे सूत्र म्हणजे जमाखर्चातलं ‘किरकोळ’ खातं. जिथे ‘केशाद्वो’सारखी नावानिशी पावती हातात आहे तिथे किरकोळ खात्यात कशाला टाकायचं?

याहून मोठा पुरावा सहस्रनामातच पडलाय. ‘त्रिलोकात्मा त्रिलोकेशः केशवः केशिहा हरिः’ अशी ओळ आहे. ६४८वं नाव केशव आणि लगेच ६४९वं केशिहा, म्हणजे केशीला मारणारा. दोन्हींचा अर्थ एकच असता तर ती शेजारी शेजारी दोन नावं म्हणून मोजायचं कारण नव्हतं. केशव त्या आधी २३व्या क्रमांकावरही येतो. तिथे भाष्याने तुमचे तिन्ही अर्थ दिले आहेत: देखणे केस, त्रिमूर्ती आणि केशिवध. पुन्हा ६४८ला आल्यावर पुनरुक्ती टाळण्यासाठी चौथाच दिलाय: केश म्हणजे किरण. सूर्य वगैरेंमधून जे किरण प्रकाशतात ते माझे केस, म्हणून जाणते मला केशव म्हणतात, अशा अर्थाचं महाभारतातलं वचन तिथे आधाराला घेतलंय. ही कल्पनाही जुनी. निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथात, यास्काने ऋग्वेदातल्या ‘केशी’चा अर्थ सूर्य असाच लावलाय, किरण हेच त्याचे केस. मला स्वतःला चौघांत हा अर्थ सगळ्यांत आवडतो, जरी तोही मूळ नाही.

थोडं विषयांतर. वर दिलेली चार रूपं पुन्हा बघा: केशव आणि केशी. व्याकरणाने दोघे सख्खे भाऊ! आयाळ असलेला घोडा तो केशी आणि त्याला मारणारा कुरळ्या केसांचा तो केशव. कथा रचणाऱ्याच्या कानाला हा सारखेपणा जाणवला असणार आणि त्यातून ‘म्हणून त्याचं नाव केशव’ ही ओळ सुचली असणार, असा माझा तर्क आहे. तर्कच, पुरावा नाही. सहस्रनामात २३व्या केशवाच्या जरा आधी २१वं नाव ‘नारसिंहवपुः’ आहे, तिथेही आयाळ आलीच.

त्रिमूर्तीवाला अर्थ राहिला. ‘क’ म्हणजे ब्रह्मा, ‘ईश’ म्हणजे शिव. हरिवंशात शिवच कृष्णाला सांगतो की क हे ब्रह्म्याचं नाव, मी सर्व देहधारींचा ईश, आम्ही दोघं तुझ्या अंगातून झालो म्हणून तू केशव. भाष्यात मध्ये ‘अ’ म्हणजे विष्णूही बसवलाय. क, अ, ईश यांचा संधी केला तर ‘केश’ होतो, अगदी बरोबर होतो, आणि इथेच लोक फसतात. संधी जमला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली असं नाही. कुलूप उघडणारी प्रत्येक किल्ली मालकाचीच असते असं थोडंच आहे? ‘के शवम्’चा संधिविच्छेदही निर्दोष जमतोच की.

‘क’ ब्रह्म्याचं नाव झालं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. ऋग्वेदात (१०.१२१) ‘कस्मै देवाय हविषा विधेम’ असं धृपद आहे. कोणत्या देवाला आम्ही हवी द्यावा, असा साधा प्रश्न. पुढे ब्राह्मणग्रंथांनी त्या ‘कोण’लाच प्रजापतीचं नाव करून टाकलं. एका प्रश्नार्थक सर्वनामाचा देव झाला. तोच ‘क’ कोशात पाणी, डोकं, सुख असे अर्थही बाळगून आहे. आत्याबाईंचं पाणी आणि पुराणिकांचा ब्रह्मा एकाच अक्षरातून आलेत.

एवढं सगळं वाचून ‘म्हणजे पुराणातले अर्थ खोटे’ असं मनात आणू नका. मी नवखा असताना एका व्याख्यानात हे असंच ठणकावून सांगितलं होतं. कार्यक्रमानंतर एक वयस्क कीर्तनकार जवळ आले आणि म्हणाले, ‘गुरुजी, झाड कोणत्या बीचं ते तुम्ही सांगितलंत. त्यावर कोणकोणते पक्षी बसले ते सांगणं खोटं कसं?’ मला तेव्हा उत्तर सुचलं नाही आणि आता द्यावंसं वाटत नाही. यास्काने तर नियमच घालून दिलाय: ‘न त्वेव न निर्ब्रूयात्’, निर्वचन केलंच नाही असं कधी होऊ देऊ नये. त्याच्या दृष्टीने एका नावाचे चार अर्थ म्हणजे गोंधळ नाही, नाव चारदा उजळलं. माझी हरकत फक्त एवढीच की निर्वचनाला ‘मूळ संस्कृत अर्थ’ अशी पाटी लावू नये. नावांच्या याद्यांमध्ये नेमकं तेच होतं. चार वेगळ्या जातीच्या गोष्टी एका ओळीत स्वल्पविराम देऊन टाकलेल्या असतात.

‘माधव’चीही तीच गत आहे. मधूच्या वंशातला, ही सरळ घडण, आणि मा म्हणजे लक्ष्मी, तिचा धव म्हणजे पती, हे निर्वचन. त्यात ‘धव’ हा शब्दच मुळात ‘विधवा’ची ‘वि+धवा’ अशी चुकीची फोड करून निघाला, असं बरेच भाषाभ्यासक मानतात. आत्याबाईंना हे सांगू नका, माधवही यादीतून जाईल.

तर पत्रिकेवर काय छापायचं? मी असतो तर ‘केशव: सुंदर केसांचा, श्रीविष्णू’ एवढंच छापलं असतं. मूळ अर्थही आला आणि देवही आला. केशिवधाची गोष्ट मुलाला चार वर्षांनी झोपताना सांगायला ठेवा, तोंडात हात घालून राक्षस मारल्याची गोष्ट त्या वयात फार रंगते. किरणांचा अर्थ तो मोठा झाल्यावर. आणि बाळाला जावळ कमी असेल तर काळजी करू नका, प्रशंसेला पुरावा लागत नाही.

राहता राहिला हृषीकेश. यात केस नाहीत, निदान परंपरेने मानलेल्या फोडीत तरी नाहीत. ‘हृषीक’ म्हणजे इंद्रिय, अमरकोशात आहे, आणि पुढे ‘ईश’. इंद्रियांचा स्वामी. संधीमुळे ‘केश’ कानावर पडतो तेवढंच. पण तुम्ही केसांपासून सुटका म्हणून हे नाव घेणार असाल तर सांगून ठेवतो, महाभारतात याचंही दुसरं निर्वचन आहे: सूर्यचंद्रांचे किरण हे माझे केस, ते जगाला हर्ष देतात, म्हणून मी हृषीकेश. गीतेत तर पहिल्याच अध्यायात ‘एवमुक्तो हृषीकेशो गुडाकेशेन’ अशी जोडगोळी आहे. गुडाकेश म्हणजे अर्जुन. गुडाका म्हणजे झोप, तिचा ईश, झोपेवर ताबा असलेला. किंवा मग गुडा-केश, दाट केसांचा. टीकाकार दोन्ही देतात. तान्ह्या मुलाच्या बाबतीत झोपेवर ताबा असलेला हा अर्थ किती शुभ मानायचा, ते मी तुमच्यावर सोडतो.